शेडमधला लेव्हल लूप : कामाच्या नोंदी

७ जून

ठरलं एकदाचं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात लेव्हल कंट्रोलचा लूप, म्हणजे टाकीतलं पाणी ठरलेल्या उंचीवर आपोआप धरणारी जोडणी, उभी करायची, खरीखुरी, पाण्याची, पंप, व्हॉल्व्ह, लेव्हल मोजून सांगणारा ट्रान्समीटर, ते बघून व्हॉल्व्ह हलवणारा कंट्रोलर, सगळं असलेली. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, आजवर पॅनेल वायरिंग, स्टार-डेल्टा, मोटर जळली की उतरवून वाइंडिंगला टाकणं, शिरोली एमआयडीसीत ब्रेकडाउनला पळणं, हेच केलं. प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटचा माणूस आला की तो बारीक स्क्रू ड्रायव्हर काढतो, लॅपटॉप उघडतो, आणि आपण शेजारी टॉर्च धरून उभं राहायचं. ते आता बास.

गल्लीतले काका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला होते, आता रिटायर. त्यांना विचारलं कुठलं पुस्तक घेऊ, तर म्हणाले, "पुस्तक घे की, पण आधी बॅरल आण. पाणी हललं की मग कळतंय."

सामान जमवलंय ते असं, वर २०० लिटरचं निळं बॅरल, खाली संप म्हणून जुनी लोखंडी टाकी, अर्धा एचपीचा मोनोब्लॉक घरात पडलेलाच होता. भंगारातून एक डीपी ट्रान्समीटर (दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक मोजणारा), एक इंची ग्लोब व्हॉल्व्ह डायफ्राम अॅक्च्युएटरसकट (हवेच्या दाबावर हलणारा), आणि एक आय टू पी कन्व्हर्टर (करंट घेऊन हवेचं प्रेशर देणारा) मिळाला. व्हॉल्व्हला पोझिशनर, म्हणजे सांगितलं तेवढंच उघडलंय का बघून जागेवर आणणारा, नाही, कुणीतरी आधीच काढून नेलाय. कंट्रोलर मात्र नवा घेतला, पॅनेल माउंट, ९६ बाय ९६ चा. पंप खालून वर पाणी टाकणार, मध्ये व्हॉल्व्ह, बॅरलच्या बुडाला बॉल व्हॉल्व्ह लावून पाणी परत संपमध्ये. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला तर पंप कोंडून पाणी तापवत बसू नये म्हणून अर्ध्या इंचाची बायपास लाइन पण टाकली.

१२ जून

आज फक्त ४-२० मिलिअँप, म्हणजे ट्रान्समीटर ज्या करंटमधून लेव्हल सांगतो तो, रिकामी टाकी ४, भरलेली २०. काकांनी टेस्टर खिशातून काढून टेबलावर ठेवायला लावला, म्हणाले हितं ह्याचं काम न्हाई. बरोबर आहे, २४ व्होल्ट डीसीवर निऑन काय पेटणार. आपल्या लाइनीत प्रश्न एकच असतो, सप्लाय आहे का नाही. इथं सप्लाय आहेच, प्रश्न किती आणि त्या कितीचा अर्थ काय.

वायरिंग बघायला गेलं तर सोपं. एसएमपीएसच्या (२४ व्होल्ट डीसी सप्लायच्या) प्लसपासून ट्रान्समीटरचा प्लस, ट्रान्समीटरच्या मायनसपासून कंट्रोलरच्या इनपुटचा प्लस, इनपुटच्या मायनसपासून परत एसएमपीएसचा मायनस. एकच चक्कर. दोनच वायरी, त्यातूनच ट्रान्समीटरला जेवण आणि त्यातूनच त्याचं बोलणं. ट्रान्समीटर स्वतः करंट तयार करत नाही, तो पाणी बघून करंट अडवतो किंवा सोडतो, ही गोष्ट डोक्यात बसायला दोन चहा लागले.

४ पासून का सुरू, शून्यापासून का नाही? कारण शून्य म्हणजे वायर तुटली. ४ म्हणजे टाकी रिकामी पण माणूस जिवंत. शिवाय दोन वायरीवर चालणाऱ्या ट्रान्समीटरला स्वतःचं पोट भरायला थोडा करंट लागतोच, तो ह्या ४ मध्ये भागतो.

लूपमध्ये २५० ओहमचा रेझिस्टर सिरीजला टाकून ठेवलाय. त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघायचं, ४ मिलिअँपला १ व्होल्ट, २० ला ५ व्होल्ट, ३ व्होल्ट आले की १२ मिलिअँप म्हणजे बरोबर निम्मं. लूप तोडून मीटर सिरीजला घालायची गरज नाही. चालू प्लँटमध्ये लूप तोडला तर त्या क्षणी कंट्रोलरला वाटतं टाकी रिकामी झाली आणि तो व्हॉल्व्ह सताड उघडतो, म्हणून काकांचा नियम, आधी कंट्रोलर मॅन्युअलला टाक, म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या हातात, मग वायरीला हात लाव. बऱ्याच ट्रान्समीटरला टेस्ट टर्मिनल पण असतात, आत डायोड असतो, मिलिअँप मीटर तिथं लावला की लूप न तोडता रीडिंग मिळतं.

२४ व्होल्टचा हिशोब पण करून ठेवला. ह्या ट्रान्समीटरला कमीत कमी साडेदहा व्होल्ट लागतात, राहिले साडेतेरा, ते २० मिलिअँपनं भागले की ६७५ ओहम. तेवढाच लोड लूपमध्ये चालतो, वायर इनपुट रेझिस्टर सगळं मिळून. २५० चा रेझिस्टर धरून अजून भरपूर जागा आहे.

१६ जून

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेलं प्रेशर देऊन ट्रान्समीटर खरं बोलतो का बघायचं. प्रेशर कॅलिब्रेटरच्या किमती ऐकल्या आणि विषय सोडला. काका म्हणाले गवंड्याची लेव्हल ट्यूब आण. पारदर्शक नळी, शेजारी भिंतीला मेजरिंग टेप चिकटवला, नळीचं एक टोक ट्रान्समीटरच्या एचपी (हाय प्रेशर) साइडला, दुसरं वर उघडं, आणि पाणी भरत जायचं. एक मीटर पाणी म्हणजे ९.८१ किलोपास्कल, ह्यात कुणी फसवू शकत नाही. हवेचा बुडबुडा मात्र नळीत राहता कामा नये, तो राहिला तर सगळंच खोटं.

ट्रान्समीटर बॅरलच्या बुडाच्या १५० मिमी खाली बसवलाय, त्यामुळं बॅरल रिकामं असलं तरी त्याच्यावर १५० मिमी पाण्याचं प्रेशर असणारच. म्हणून लोअर रेंज १५०, आणि मला ७०० मिमी लेव्हल मोजायचीय म्हणून अप्पर रेंज ८५०. स्पॅन, म्हणजे दोन्हींतलं अंतर, ७००. बॅरलमध्ये ३५० मिमी पाणी असेल तेव्हा ट्रान्समीटरवर ५०० मिमी, म्हणजे १२ मिलिअँप. एलपी (लो प्रेशर) साइड हवेला उघडी, तिचं तोंड खाली वळवून बारीक जाळी लावली, कारण कुंभारमाशी असल्या भोकात घर केल्याशिवाय राहत नाही.

पाच पॉइंट घेतले, चढताना ४, ८, १२, १६, २० आणि मग उतरताना उलटे. चढताना आणि उतरताना रीडिंग वेगळं आलं तर हिस्टेरेसिस, ते पण लिहून ठेवायचं. भंगारातला असून ट्रान्समीटर चोख निघाला, नाद खुळा. झिरो तेवढा थोडा हलला होता, तो लोकल बटणानं बसला.

२२ जून

पाऊस लागलाय आडवा. शेडच्या पत्र्यातून नेमकं पॅनेलवरच गळतंय. ताडपत्री टाकली, बाकी काम काही नाही.

२७ जून

आज केबल. आम्हा इलेक्ट्रिशियन लोकांचा हात आपोआप दोन्ही टोकं अर्थ करायला जातो, आर्मर केबल असली की दोन्हीकडं ग्लँड, दोन्हीकडं अर्थ, आणि पॉवरला ते बरोबरच आहे. सिग्नल केबलच्या शील्डचं (बाहेरचा विजेचा गोंधळ अडवणाऱ्या आवरणाचं) तसं नाही, ती साधारणपणे एकाच टोकाला, पॅनेलच्या बाजूला, अर्थ करायची आणि फील्डच्या टोकाला कापून स्लीव्ह चढवून मोकळी सोडायची. दोन्हीकडं जोडली तर दोन ठिकाणच्या अर्थच्या पोटेन्शियलमध्ये जो फरक असतो त्यानं शील्डमधूनच करंट वाहतो, आणि ज्याला अडवायचं तोच आत.

शेजारच्या शेडमध्ये लेथ ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवर) चालतो, त्याची केबल सिग्नलमध्ये गोंधळ घालते. माझी सिग्नल केबल त्याच्या मोटर केबलच्या ट्रेमधून नेली असती तर सोय झाली असती, पण काकांनी नुसतं बघितलं आणि मी वेगळा पाइप टाकला. जिथं ओलांडायचंच होतं तिथं काटकोनात ओलांडलं. ड्राइव्ह चालू असताना १२.०० मिलिअँप शेवटच्या आकड्यापर्यंत जागचं हलत नाही, हे बघून बरं वाटलं.

३ जुलै

हवा. आय टू पीला २० पीएसआय सप्लाय, ४-२० मिलिअँप घेऊन तो ३ ते १५ पीएसआय बाहेर देतो, त्यावर डायफ्राम दबतो आणि स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) हलतो. ३ पीएसआयपासून सुरू, म्हणजे इथं पण तेच, शून्याला जिवंत ठेवायचं. इलेक्ट्रॉनिक्स यायच्या आधी आख्खे प्लँट ह्याच ३-१५ वर चालायचे, तांब्याच्या बारीक नळ्या कंट्रोल रूमपर्यंत. काकांनी उमेदीची वर्षं त्याच नळ्या फुंकण्यात घालवली.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरची टाकी पाणी धरते. फिल्टर रेग्युलेटरच्या वाटीतून सकाळी पाणी काढायचंच, कारण आय टू पीच्या आतला नोझल एवढासा असतो की एक थेंब किंवा तेलाचा अंश गेला तर बाई हट्टाला पेटते. इन्स्ट्रुमेंट एअर वेगळी, ड्रायरमधून काढलेली का ठेवतात ते कळलं.

आपला व्हॉल्व्ह एअर टू ओपन, हवा गेली की स्प्रिंग बंद करते. इनलेटवर आहे म्हणून हवा गेली तर पाणी येणं थांबणार, बॅरल ओतणार नाही. हाच व्हॉल्व्ह बॉयलरच्या फीड वॉटरवर असता तर उलटा विचार करावा लागला असता. लेव्हल वाढली की आउटपुट कमी व्हायला पाहिजे, म्हणून कंट्रोलर रिव्हर्स अॅक्टिंग. व्हॉल्व्ह आउटलेटवर असता तर डायरेक्ट.

९ जुलै

पहिल्यांदा ऑटो, म्हणजे व्हॉल्व्ह कंट्रोलरच्या ताब्यात. सेट पॉइंट, म्हणजे धरायची लेव्हल, ५० टक्के. लेव्हल ४४ ते ५७ मध्ये झोके घ्यायला लागली आणि थांबायचं नाव नाही. माझा हात लगेच कंट्रोलरच्या बटणाकडं, गेन (फरक दिसला की कंट्रोलर किती जोरानं हलतो ते) कमी करूया म्हणून, आणि काकांचा आवाज चढला, "आरं लेका, पीआयडीला हात लावू नगंस. आधी मॅन्युअलला टाक." पीआयडी म्हणजे कंट्रोलरचे तीन आकडे, गेन, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह.

मॅन्युअलला टाकलं, आउटपुट एका जागी ठेवलं, खालचा बॉल व्हॉल्व्ह अंदाजानं जुळवला. झोके बंद, लेव्हल अगदी हळू एका बाजूला सरकत राहिली एवढंच. म्हणजे पंप किंवा बाहेरचं काही हलवत नाहीये, लूप स्वतःच स्वतःला हलवतोय. आता दोनच संशयित, ट्यूनिंग (हे आकडे जुळवणं) किंवा व्हॉल्व्ह. ट्यूनिंगवर आळ घ्यायच्या आधी व्हॉल्व्ह तपासायचा. आउटपुट ४० वरून एकेक टक्का वाढवत गेलो आणि स्टेमवर डोळा ठेवला. ४१ ला हलला नाही, ४२, ४३, ४४ ला नाही, ४६ ला टुणकन उडी मारून पुढं गेला. उतरताना तेच.

स्टेम चिकटतोय. कंट्रोलर वाट बघून बघून आउटपुट वाढवतो, इंटिग्रल, म्हणजे राहिलेल्या फरकाची बेरीज, साचत जातं, मग व्हॉल्व्ह एकदम सुटतो आणि गरजेपेक्षा जास्त उघडतो, लेव्हल वर जाते, आता उलट्या दिशेनं तेच. असल्या व्हॉल्व्हवर गेन कमी केला की झोका मंद होतो, जात नाही. काका म्हणाले कारखान्यात निम्म्या वेळेला पीआयडी बदनाम होतो आणि करणारा दुसराच असतो. निम्मा हा आकडा त्यांचा, पण मी मानला.

१३ जुलै

व्हॉल्व्ह उघडला. ग्लँड पॅकिंग दगड झालेलं, आणि कुणीतरी गळती थांबवायला ग्लँड नट जीव खाऊन आवळलेला. जुनं पॅकिंग कोरून काढलं, स्टेमवर पांढरट थर होता तो बारीक पॉलिश पेपरनं घासला, टेफ्लॉनच्या रिंगा घातल्या, नट हाताच्या जोरानं बसवून मग पान्यानं जेमतेम. ओरखडा नव्हता हे नशीब, स्टेमला ओरखडा असता तर नवं पॅकिंग पण महिन्यात खाल्लं असतं.

परत तीच टेस्ट. आता एक टक्का दिला की स्टेम हलतो, थोडं चिकटणं आहे पण टक्क्याच्या आसपास. पोझिशनर नसताना ह्यापेक्षा जास्त अपेक्षा नाही.

२० जुलै

आता ट्यूनिंगला तोंड दाखवायला हरकत नाही.

झीगलर आणि निकोल्स ह्यांची १९४२ ची पद्धत सगळ्यांनी ऐकलेली असते, फक्त पी (नुसत्या गेन) वर ठेवून गेन वाढवत न्यायचा, सतत सारखा झोका आला की तो गेन आणि झोक्याचा वेळ घ्यायचा, पीआय (गेन आणि इंटिग्रल) साठी गेनचा ०.४५ पट आणि वेळेला १.२ नं भागायचं. पण लेव्हलसाठी काका वेगळी वाट दाखवतात आणि मला ती जास्त पटली, कारण टाकी भरायला किती वेळ लागतो हे कुणीही घड्याळ लावून मोजू शकतो.

खालचा बॉल व्हॉल्व्ह बंद, कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, शून्य ते शंभर टक्के. २८० सेकंद लागले. हा झाला भरण्याचा वेळ. आता गेन आणि इंटिग्रल टाइम (तो जास्त तेवढी इंटिग्रलची बेरीज हळू) ह्यांचा गुणाकार भरण्याच्या वेळेच्या चौपट किंवा जास्त ठेवायचा, म्हणजे ११२० सेकंद. गेन ४ घेतला तर इंटिग्रल टाइम २८० सेकंद. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाच्या वेगाला दिलेलं उत्तर, शून्य, लेव्हलला त्याची गरज नसते आणि पाण्याच्या लाटा उगाच मोठ्या होऊन व्हॉल्व्हवर जातात.

कंट्रोलर नवा होता तेव्हा गेन १ आणि इंटिग्रल ६० सेकंद होतं, गुणाकार ६०. हेच मुद्दाम परत टाकून बघितलं, व्हॉल्व्ह आता चांगला असून लेव्हल झोके घेतच राहिली, आणि गेन निम्मा केला तर झोका वाढला! कमी केला म्हणून वाढला, हे मोटरच्या माणसाला पचत नाही. टाकी हा पाणी साठवणारा प्राणी आहे, ती स्वतःच बेरीज करत असते, वर कंट्रोलरचं इंटिग्रल दुसरी बेरीज करतं, दोन बेरजा एकमेकींच्या मागं लागल्या की आवरायला गेनच लागतो. इथं झोका दिसला की इंटिग्रल टाइम वाढवायचा किंवा गेन वाढवायचा, कमी नाही. गेन ४, इंटिग्रल २८० टाकलं, सेट पॉइंट ५० वरून ६० केला, लेव्हल वर गेली, जराशी पुढं जाऊन परत येऊन बसली.

कंट्रोलर बदलताना सांभाळायचं, काही जण गेन ऐवजी प्रपोर्शनल बँड लिहितात, १०० भागिले गेन, म्हणजे गेन ४ चा बँड २५ टक्के. तिथं आकडा वाढवला की कंट्रोल ढिला होतो. इंटिग्रल पण कुठं सेकंदात, कुठं मिनिटात, कुठं रिपीट्स पर मिनिट. दुसऱ्याच्या लूपवरून आकडे उचलायचे असतील तर आधी युनिट बघा.

२८ जुलै

पंचगंगा चढतीय. सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या फुटांवर, ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका. आमच्याकडं बारकं पोर पण हे दोन आकडे सांगतं. काकांनी त्यावरच अलार्म शिकवला, ३९ म्हणजे हाय, सामान वर उचलायला घ्या, ४३ म्हणजे हाय-हाय, आता माणसाच्या मर्जीवर सोडायचं नाही. बॅरलला हाय ८० टक्के, नुसता हूटर. हाय-हाय ९२ टक्के, त्याला पंपाचा काँटॅक्टर (सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) थेट तुटतो, आणि तो कंट्रोलरच्या रिलेवरून नाही, वेगळ्या फ्लोट स्विचवरून. ज्या ट्रान्समीटरवर लूप चालतो त्याच्याच भरवशावर ट्रिप ठेवली तर तो खोटं बोलला की दोन्ही आंधळे. हे काँटॅक्टरचं काम मात्र आपलं घरचं, झटक्यात झालं.

लाइट जाऊन येऊन आहे. पंप बंद असताना कंट्रोलर चालू राहिला तर लेव्हल खाली म्हणून तो आउटपुट १०० ला नेऊन बसतो, लाइट आली की पाणी सेट पॉइंट ओलांडून जातं. म्हणून लाइट आली की आधी मॅन्युअल, लेव्हल जवळ आली की ऑटो.

७ ऑगस्ट

लेव्हल सोडून जरा टेंपरेचर. तीन वायरीचा पीटी-१००, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर, आणला, ० डिग्रीला १०० ओहम, १०० डिग्रीला १३८.५१. बर्फ बारीक करून पाण्यात कालवला, १००.० आलं, छान. मग उकळत्या पाण्यात टाकला तर १३७.८ ओहम, म्हणजे ९८ डिग्री. सेन्सर बाद नाही, कोल्हापूर उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर, इथं पाणी ९८ लाच उकळतं. उकळतं पाणी म्हणजे १०० असं धरून कुणी इथं स्पॅन ओढला तर तो चांगल्या सेन्सरला दोन डिग्रीनं बिघडवणार.

ह्याच कारणानं इथल्या साखर कारखान्यात पॅनच्या (साखर शिजवायच्या भांड्याच्या) व्हॅक्यूम गेजवर ७६० मिमी कधीच दिसणार नाही, इथली हवाच जेमतेम ७१० मिमी पाऱ्याची. काका म्हणाले नवीन इंजिनिअर आला की पहिल्या हंगामात गेज बदला म्हणून मागं लागतोच.

तिसरी वायर कशाला, तर २० मीटर अर्धा स्क्वेअर एमएमची केबल जाऊन येऊन जवळपास १.४ ओहम, दोन वायरीवर ते सगळं सेन्सरच्या खात्यात जमा होतं, साडेतीन डिग्री जास्त. तिसऱ्या वायरीनं केबलचा रेझिस्टन्स ओळखून वजा होतो.

१७ ऑगस्ट

चालू लूपची ट्रान्समीटरची वायर मुद्दाम काढली. शून्य मिलिअँप म्हणजे हिशोबानं उणे २५ टक्के, आणि कंट्रोलरनं व्हॉल्व्ह सताड उघडला. हाय-हायच्या फ्लोटनं पंप तोडला, पाणी जमिनीवर आलं नाही. आता कंट्रोलरमध्ये सेन्सर फॉल्टला आउटपुट ० टक्के असं सेट केलंय, वायर तुटली की व्हॉल्व्ह बंद. ट्रान्समीटर स्वतः बिघडला तरी तो करंट ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर नेऊन ठेवतो, तो फॉल्ट आहे, लेव्हल नाही, हे कंट्रोलरला पण सांगून ठेवावं लागतं.

२६ ऑगस्ट

गोकुळ शिरगावला एका पार्टीकडं कुलिंग टॉवरच्या मेकअप टाकीची (कमी झालेलं पाणी भरून काढणाऱ्या टाकीची) लेव्हल हलतच नाही म्हणून बोलावलं, खरं तर मोटरच्या कामाला गेलो होतो. आधीच्या माणसानं कंट्रोलरचे सगळे पॅरामीटर बदलून ठेवलेले. टाकीवर चढून डोळ्यानं पाणी बघितलं, खाली येऊन मिलिअँप बघितलं, दोन्हींचा मेळ नाही. मॅन्युअलला टाकायला लावून टॅपिंगचा (टाकीतून ट्रान्समीटरकडं येणाऱ्या लाइनीचा) व्हॉल्व्ह बंद केला, ट्रान्समीटरचा ड्रेन प्लग सोडला तर गाळ, नुसता चिखल. लाइन फ्लश केली, हवा काढली, लेव्हल जागेवर. मग पॅरामीटर कुठले ठेवायचे विचारलं, तर म्हणालो टाकी भरायला किती वेळ लागतो ते मोजून ठेवा, मी परवा येतो.

१ सप्टेंबर

पुढचं काम फ्लो. पंपाच्या लाइनीत ओरिफिस प्लेट, म्हणजे मध्ये भोक असलेली चकती, टाकायची, तिच्या दोन बाजूंच्या प्रेशरच्या फरकावरून फ्लो कळतो, उद्यमनगरातच टर्निंगला दिलीय, धार खरोखर काटकोनात आणि तीक्ष्ण पाहिजे असं दोनदा सांगून आलोय, नाहीतर तो मायेनं चॅम्फर मारून (धार तिरकी करून) देणार. दुसरा डीपी ट्रान्समीटर बघून ठेवलाय. डीपी, म्हणजे प्रेशरचा फरक, फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळं डीपी २५ टक्के, ८ मिलिअँप, तेव्हा फ्लो ५० टक्के असतो. वर्गमूळ एकाच ठिकाणी काढायचं, ट्रान्समीटरमध्ये नाहीतर कंट्रोलरमध्ये. ट्रान्समीटर लिनिअर ठेवतो आणि कंट्रोलरमध्ये काढतो, आणि पॅनेलच्या दाराच्या आत मार्करनं लिहून ठेवतो, म्हणजे पुढचा माणूस दुसऱ्यांदा काढणार नाही.